काच, कारंजे आणि कानोसा

मोटार विकत घेताना माणूस काय काय पाहतो? रंग पाहतो, लिटरमागे किती किलोमीटर पळते ते विचारतो, डिकीत किती बॅगा मावतील याचा अंदाज घेतो, दार दोनदा लावून त्याचा आवाजही ऐकतो. पुढच्या काचेवर पाणी उडवणारी ती दोन बारीक भोके मात्र कोणी पाहत नाही. ती असतातच असे आपण गृहीत धरतो. आणि ती बंद पडली तरी गाडी चालतेच, म्हणून त्यांची दुरुस्ती ‘पुढच्या सर्व्हिसिंगला बघू’ या सदरात जाऊन पडते. ह्या सदरात पडलेल्या गोष्टींचे पुढे काय होते, ते संसारी वाचकांस सांगायला नकोच.

ह्या कारंज्याचा वडील भाऊ म्हणजे वायपर. तो बराच जुना. अमेरिकेतील मेरी अँडरसन नावाच्या बाईंनी १९०३ साली त्याचे पेटंट घेतले. आत बसून हाताने दांडा हलवायचा आणि बाहेर काचेवर रबराची पट्टी फिरायची, अशी ती युक्ती. पण कोरड्या काचेवर पट्टी फिरवणे म्हणजे पाण्यावाचून दाढी करणे! मग पाण्याची सोय आली. आधी हाताने दाबायचे पंप आले, पायाने दाबायचे आले. १९६० नंतरच्या फोक्सवॅगन बीटल गाडीत तर मोठी गंमत होती. तिची स्टेपनी पुढच्या बाजूस असे, आणि त्या चाकातल्या हवेच्या दाबानेच काचेवर पाणी उडे. काच वरचेवर धुणाऱ्या गृहस्थाची स्टेपनी ऐन वेळी बसलेली सापडू नये म्हणून, हवा ठराविक मर्यादेखाली गेली की पाणी बंद करणारी झडपही त्यात ठेवलेली होती. आज हे काम विजेवर चालणारी एक मूठभर मोटर करते.

आता कोणी म्हणेल, एवढ्याशा पिचकारीचे एवढे कौतुक कशाला? तर त्याचे कारण ह्या दिवाळीच्या दिवसांतच आहे. पावसाळ्यात काच धुण्याचे काम वरुणराजा करतो. आपली टाकी भरलेली आहे की रिकामी, हे चार महिने कळतही नाही. पाऊस थांबतो, दिवाळी येते, आणि लोक गाड्या घेऊन गावाकडे निघतात. नेमका त्याच सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम उभा राहतो. पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने पहाटे निघा. दौंड-इंदापूरच्या पट्ट्यात उसाचे ट्रॅक्टर शेतातली माती चाकांना घेऊन डांबरी रस्त्यावर येतात. दवाने ती माती ओली होते आणि पुढच्या वाहनाच्या चाकांवरून उडून आपल्या काचेवर बसते. आणि वाट पूर्वेची! सूर्यनारायण बरोबर डोळ्यांसमोर, हातभर वर आलेले. एरवी काचेवरचा मळ नुसता मळ असतो. समोरून ऊन पडले की त्याच मळाचा पांढरा पडदा होतो. पडद्यापलीकडे ट्रॉली आहे, सायकल आहे की म्हैस आहे, काही दिसत नाही.

अशा वेळी चालक सवयीने दांडी ओढतो. पाणी येत नाही, वायपर मात्र फिरतो आणि होता तो चिखल साऱ्या काचभर सारवून ठेवतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर जाते. गडबडून गेलेला माणूस तीन सेकंद आंधळा राहिला, तर तो ६६ मीटर आंधळा गेला. शिवाय धुळीत वाळूचे कण असतात. कोरड्या काचेवर रबर फिरले की हे कण काचेवर कमानदार ओरखडे काढतात. ते ओरखडे पुढे रात्री समोरच्या दिव्यांत चमकत राहतात, आणि कितीही पुसले तरी जात नाहीत. इंग्लंडात गाडीची वार्षिक तपासणी होते, तिच्यात काचेवर पुरेसे पाणी आले नाही तर गाडी नापास करतात. ही नुसती कडक शिस्त नव्हे, ह्या ६६ मीटरांचा हिशेब आहे.

तेव्हा आधी ह्या यंत्रणेची ओळख करून घेऊ. बॉनेट उघडले की बहुतेक गाड्यांत एका कोपऱ्यात टाकीचे तोंड दिसते. त्याच्या झाकणावर काच आणि तिच्यावर कारंजे असे चित्र असते. टाकीचे पोट बहुधा खाली, बंपरच्या किंवा मडगार्डच्या आड दडलेले असते. पोटाच्या तळाशी, एका रबरी कड्यात, पंप बसवलेला असतो; कित्येक गाड्यांत त्या कड्यातच बारीक जाळी असते. पंपातून निघालेली नळी इंजिनाच्या कडेकडेने वर येते, बिजागरीपाशी बॉनेटवर चढते, तिथे तिला दोन फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा एकेका नोझलला जाऊन मिळतो. टाकी, पंप, नळी, नोझल. आणि पंपाला वीज नेणारी एक तार, एक फ्यूज, एक दांडी. खेळ एवढाच आहे.

ह्यात बिघाड शोधायचा कसा? आम्हां मराठीच्या मास्तरांना वाक्य सोडवायची एक जुनी रीत ठाऊक असते. वाक्य कितीही लांबलचक असो, आधी क्रियापद शोधावे. मग त्याच्या धातूला ‘णारा’ लावून ‘कोण?’ असे विचारावे, की कर्ता सापडतो. भलतीकडून सुरुवात केली की हुशार मुलगाही चुकतो. येथेही तेच. ह्या यंत्रणेचे क्रियापद म्हणजे पंपाची घरघर. इंजिन सुरू न करता नुसती चावी फिरवावी, गाणी बंद करावी, पंखा बंद करावा, दांडी ओढावी आणि कानोसा घ्यावा. टाकीच्या बाजूने बारीक ‘घुंऽऽ’ असा आवाज आला, तर वीज पोचते आहे, मोटर जिवंत आहे. तक्रार पाण्याची किंवा पाण्याच्या वाटेची. आवाज मुळीच नाही, तर पाण्याकडे पाहूच नका, तक्रार विजेची. एका कानोशाने अर्धे काम होते, आणि त्याला पैसा पडत नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट सांगतो. आमच्या शेजारचे काका पहाटे बार्शीला बहिणीकडे निघायचे होते. साठी उलटलेले गृहस्थ, गाडी स्वतः चालवतात. जिन्यात भेटले ते चेहरा पाडूनच.

“सर, उद्याचं काही खरं नाही. काचेवर पाणी येत नाही. ओळखीच्या मिस्त्रीला फोन केला, तो म्हणतो मोटर जळली, नवीन टाकावी लागेल. आणि दुकान उघडणार पाडव्यानंतर सावकाश.”

“काका, त्यानं गाडी पाहिली का?”

“फोनवर कशी पाहणार?”

“मग आवाज तरी ऐकला का?”

“कसला आवाज?”

खाली गेलो. टाकी काठोकाठ भरलेली. काका त्या बाबतीत शिस्तीचे. त्यांना आत बसवले आणि मी बंपरपाशी उकिडवा बसलो.

“ओढा काका.” ‘घुंऽऽ’ असा स्वच्छ आवाज आला. “सोडा. मोटर शाबूत आहे. मिस्त्री पाच कोसांवरून तिला उगीच सरणावर चढवतोय.”

आता प्रश्न उरला तो पाण्याच्या वाटेचा. पाणी कुठवर येते ते पाहायचे, आणि जिथे थांबते तिथे बोट ठेवायचे. बॉनेटखाली नोझलच्या बुडाशी नळी असते, ती हलक्या हाताने ओढून सोडवली. काकांनी दांडी ओढली; नळीतून थेंबही नाही. म्हणजे नोझलचा दोष असो वा नसो, त्याच्या आधीच पाणी अडते आहे. मग मागे सरकलो आणि बिजागरीपाशी असलेला सांधा उघडला. ह्या खेपेस पाण्याची अशी धार उडाली, की माझा चष्मा धुऊन निघाला. बिजागरीपर्यंत पाणी येते, नोझलपर्यंत पोचत नाही; तर चोर मधल्या हातभर जागेत. बॉनेटच्या आतून जाड नमद्यासारखे अस्तर असते, त्यावर तळहात फिरवला. एके ठिकाणी ते ओलेगच्च लागले. अस्तराच्या दोन पिना काढल्या. आत नळीला बारीकशी चंद्रकोर पडलेली, आणि शेजारी उंदीरमामांच्या लेंड्यांची रांगोळी!

“बघा काका, तुमच्याआधी हेच दिवाळीच्या फराळाला येऊन गेले.”

काका हसले, पण लगेच म्हणाले, “आता आज नळी कुठं मिळणार हो?”

नळी नव्या घेण्याची गरजच नव्हती. कुरतडलेला तेवढा तुकडा धारदार पात्याने सरळ कापून टाकला. दोन टोके जोडायला प्लॅस्टिकची एक पोकळ कांडी हवी होती. ती कोपऱ्यावरच्या शोभेचे मासे विकणाऱ्याच्या दुकानात मिळाली. माशांच्या टाकीत हवा सोडणाऱ्या नळ्यांना जोडायला तो ती ठेवतो. मापासाठी नळीचा कापलेला तुकडा बरोबर नेला होता, म्हणून फेरा वाचला. नळीची टोके गरम पाण्यात क्षणभर धरली की मऊ होतात आणि कांडीवर घट्ट चढतात. किंमत म्हणाल तर दोन कप चहाची.

सांधा बसला, पाणी आले. पण उजव्या नोझलातून फवारा आणि डाव्यातून नुसती लाळ. हा दुसरा आजार बोअरच्या पाण्याचा. जड पाण्यातले चुन्याचे क्षार नोझलच्या तोंडाशी साचतात. चहाच्या भांड्याला बसतो तोच हा थर. व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा तोंडावर पाऊण तास ठेवला, गाडीच्या रंगावर ओघळ येईल तसा पुसून काढला, आणि सतारीची जुनी तार भोकात अलगद फिरवली. सुई खुपसून भोक मोठे करू नये. भोक मोठे झाले की फवाऱ्याची धार जाते आणि पाणी बॉनेटवरच सांडते. मग नळी काढून बाहेरच्या बाजूने हवा फुंकली, म्हणजे सुटलेला कण उलट वाटेने मागे निघून जातो. नळी तशीच ठेवून फुंकले असते, तर तो कण नळीतच बसून पुन्हा तोंडाशी यायला मोकळा. शेवटी नोझलमधला छोटा गोळा पिनेने किंचित वळवून धार काचेच्या मध्याच्या थोडी वर लावली, कारण गाडी धावू लागली की वारा तिला खाली दाबतो.

एवढे सारे करून काका पहाटे निघाले. नऊच्या सुमारास त्यांचा निरोप आला: “इंदापूरच्या पुढं आहोत, चहाला थांबलोय. तीनदा काच धुतली.” बाकी काही नाही. एवढ्यासाठीच तो खटाटोप होता.

आता दुसरी शाखा: दांडी ओढली आणि आवाजच नाही. येथे घाई न करता तीन प्रश्न विचारावे. पहिला, फ्यूज शाबूत आहे काय? फ्यूजच्या पेटीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात कोणता फ्यूज कशाचा, ते दिलेले असते. जळलेला दिसला तर त्याच आकड्याचा नवा बसवावा. जाड तार किंवा चांदीचा कागद गुंडाळून काम भागवू नये. आज पिचकारी चालेल, उद्या वायरिंग जळेल. नवा फ्यूजही लगेच उडाला, तर तार कुठे तरी उघडी पडून लोखंडाला चिकटली आहे किंवा पंप आतून अडकला आहे, असे समजावे.

दुसरा प्रश्न, पंपापर्यंत वीज येते काय? पंपाच्या डोक्यावर दोन तारांचा एक चिमटा असतो. तो काढून पाहावा. पावसाळ्यानंतर त्यात हिरवा गंज चढलेला असणे फार साधारण आहे, आणि तो खरवडल्यावर पुष्कळदा एवढ्यावरच भागते. मग १२ व्होल्टचा एखादा जुना इंडिकेटरचा बल्ब, त्याला दोन तारा, हे उपकरण घरी करता येते. तारांची टोके चिमट्यात धरावी आणि आतल्या माणसाने दांडी ओढावी. बल्ब लागला, म्हणजे वीज दारापर्यंत येऊन उभी आहे आणि पंप दार उघडत नाही, तो बदलावा. तत्पूर्वी पंपाला स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक करून पाहावे. बरेच दिवस न फिरल्याने आखडलेला पंप कधी कधी एवढ्याने जागा होतो. पण असा जागा केलेला पंप पुन्हा झोपतो, हे ध्यानात ठेवून नवा आणून ठेवावा. बल्ब लागला नाही, तर तिसरा प्रश्न: दोष तारेत की दांडीच्या स्विचात? येथे मात्र वायरमनला बोलवावे. स्टिअरिंगच्या आसपास एअरबॅगच्या तारा असतात. तेथे हौशी माणसाने हात घालू नये.

आवाज आहे, पण पंपाच्या तोंडाशीच पाणी नाही, असेही होते. तेव्हा टाकीच्या तळाशी गाळ साचून जाळी बुजलेली असते. टाकी रिकामी करून पंप कड्यातून ओढून काढावा, जाळी धुवावी, आणि परत बसवताना रबराला साबणाचे पाणी लावावे, म्हणजे ते फाटत नाही. गाडीखाली पाण्याचे थारोळे दिसले, तर कडे सैल झाले आहे किंवा नळी निसटली आहे. पाणी येते, पण दांडी तीन-चार सेकंद ओढून धरल्यावर. तर नळीतली उलट पाणी न जाऊ देणारी छोटी झडप नादुरुस्त आहे. पाणी दर वेळी टाकीत परत जाते आणि पंपाला पुन्हा सारी नळी भरावी लागते. असा उशीर किरकोळ वाटतो, परंतु मघाचा हिशेब येथेही लागू आहे.

टाकीत काय घालावे, याबद्दल दोन शब्द. कपड्याची पावडर घालू नये. न विरघळलेले कण जाळीत आणि नोझलात बसतात. बाजारात काच धुण्याचा द्रव मिळतो, तो बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात, क्षार नसलेल्या पाण्यात मिसळावा. नुसते पाणी महिनोन्‌महिने टाकीत राहिले तर शेवाळ धरते. ब्रिटनमधील संशोधकांना तर २०१० साली असे आढळले, की टाकीत असा द्रव न मिसळणाऱ्या वाहनचालकांत लेजिओनेअर्स नावाच्या फुप्फुसाच्या आजाराचा धोका अधिक दिसतो. त्याचे जंतू साचलेल्या कोमट पाण्यात वाढतात आणि तुषारांतून श्वासात जातात. म्हणून नळी तोंडाने ओढून पाणी काढण्याची देशी युक्तीही वर्ज्य समजावी. हिवाळ्यात लडाख-काश्मीरकडे गाडी नेणाऱ्यांनी न गोठणारा द्रव घालावा. साधे पाणी रात्रीतून गोठून टाकी फोडते. हे द्रव विषारी असू शकतात, तेव्हा बाटली मुलांच्या हाताला लागेल अशी ठेवू नये. आणखी एक: इंजिनाच्या कूलंटची टाकी आणि ही टाकी पुष्कळ गाड्यांत जवळजवळ असतात. झाकणावरचे चित्र पाहिल्यावाचून काहीही ओतू नये, आणि तापलेल्या इंजिनाच्या कूलंटचे झाकण तर उघडूच नये. टाकी कोरडी असताना दांडी ओढत बसू नये, हेही जाता जाता सांगतो. पंपाला थंडावा पाण्याचाच मिळतो.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, आम्हाला मिस्त्री करायचे आहे काय? मुळीच नाही. मिस्त्रीकडे अवश्य जावे. फक्त जाताना ‘पाणी येत नाही’ एवढेच न सांगता, ‘टाकी भरलेली आहे, पंपाचा आवाज येतो, बिजागरीपर्यंत पाणी येते’ असे सांगावे. चांगला मिस्त्री खूश होतो, त्याचा अर्धा तास वाचतो. आणि जो चांगला नसेल, तो निदान सावध होतो.

तेव्हा मंडळी, फराळाचे डबे डिकीत भरण्याआधी चाकांची हवा पाहा, दिवे पाहा, आणि एकदा दांडी ओढून काचेवर पाणी येते ना, तेही पाहा. अर्धा मिनिट लागतो. हे काम आदल्या संध्याकाळी करावे, निघताना नव्हे; म्हणजे काही निघालेच, तर माशांचे दुकान उघडे असते.